गावात मिटलं, पण कोर्टात?



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत ऐकायला मिळते. ती खोटी नाही. विहिरीच्या पाळीपायी, बांधाच्या दोन वितींपायी दोन-दोन पिढ्या तारखा करीत राहिल्या आणि ज्या जमिनीसाठी भांडले तिचाच तुकडा खर्चापायी विकावा लागला, अशी घरे प्रत्येक गावात दाखवता येतील. पण ही म्हण आहे ती आपणहून दावा लावायला निघालेल्या माणसासाठी. घरी समन्स आले म्हणजे पायरी चढायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती चढावीच लागते. मग प्रश्न एवढाच राहतो की, चढताना सोबत कोण आहे. आणि इथेच आपली मंडळी चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी कायद्याचा माणूस नाही. तुमच्यासारखाच ऊस घालणारा सभासद. परंतु कधी जामीनदार म्हणून, कधी साक्षीदार म्हणून, तर कधी कुणाच्या नुसताच सोबतीला म्हणून तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसण्याचे प्रसंग बरेच आले. खुनाच्या, दरोड्याच्या खटल्यातला आरोपी वकिलाशिवाय आलेला मी पाहिला नाही. त्याच्या घरची माणसे भांडीकुंडी विकतात, पण वकील देतात. वकिलाशिवाय येतो तो बांधावरच्या भांडणातला, शिवीगाळीतला, जत्रेत पत्ते खेळताना सापडलेला, ट्रॅक्टरची किरकोळ धडक झालेला. म्हणजे आपल्यातला. "एवढ्याशा केसला वकील कशाला? कबूल म्हणायचं, दंड भरायचा, मोकळं व्हायचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ऐकले म्हणजे धास्ती वाटते.

धास्ती का वाटते, ते सांगतो.

२००९ सालची गोष्ट. आमच्या शिवाराला लागून दोन चुलतभावांची राने आहेत. नावे सांगत नाही, दोन्ही घरे आजही सुखाने नांदतात. नांगरटीच्या वेळी बांध कोरला म्हणून शब्दाने शब्द वाढला. एकाचा थोरला मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा, चुलत्याच्या रानात शिरला आणि दोन ठोसे देऊन आला. चुलत्याने रागाच्या भरात पोलिसांत फिर्याद दिली. कलमे लागली ४४७, ३२३ आणि ५०४. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत गैरहेतूने शिरणे, साधी दुखापत आणि मुद्दाम अपमान. पंधरा दिवसांत राग निवला. शासनाची महात्मा गांधी तंटामुक्ती गाव मोहीम २००७ च्या स्वातंत्र्यदिनापासून सुरू झालेली होती, गावात समिती होती, तिच्यासमोर बैठक बसली. पोराने चुलत्याचे पाय धरले, चहा झाला. पुढच्या महिन्यात एका लग्नात दोन्ही घरे एकाच पंगतीला बसली. सगळ्या गावाच्या दृष्टीने प्रकरण संपले.

पण कोर्टाला हे कोणी सांगितलेच नाही.

आठेक महिन्यांनी पोराच्या नावाने समन्स आले. बाप म्हणाला, "वकील कशाला? मिटलंय ना आपलं. जा, कबूल म्हण, दंड भर आणि ये. रात्री पाण्याची पाळी आहे." पोरगा गेला. साहेबांनी मराठीतच विचारले, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, कबूल. बाराशे रुपये दंड झाला. तो भरून संध्याकाळी पोरगा मोटार चालू करायला विहिरीवर हजर. बापाला वाटले, वकिलाची फी वाचली.

तीन वर्षांनी तोच पोरगा पोलीस भरतीला उतरला. धावला, लेखी दिली, यादीत नाव आले. गावाने पेढे वाटले. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यात सरळ प्रश्न होता: आपणावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का? त्याने लिहिले, नाही. त्याच्या मनात खोटे बोलण्याचा हेतू होता असे मला आजही वाटत नाही. त्याच्या लेखी ते मिटलेले होते. पण ठाण्याच्या दप्तरी होते, कोर्टाच्या दप्तरी होते, आणि तिथे 'दोषी, दंड' असे लिहिलेले होते. यादीतले नाव गेले. पुन्हा भरतीला बसण्याचे वय त्याच्याकडे फारसे राहिले नव्हते. आज तो घरची शेती करतो, चांगली करतो. पण बाराशे रुपयांची ती पावती बापाने अजून पेटीत ठेवली आहे. मला एकदा काढून दाखवली. बोलला काही नाही.

आता यात वकिलाने काय वेगळे केले असते? फार मोठे काही नाही. कायद्यात कोणते गुन्हे आपसांत मिटवता येतात याची यादीच दिलेली आहे. साधी दुखापत, अपमान, साधी धमकी, शेतात शिरणे, हे गुन्हे ज्याला मार बसला, ज्याचा अपमान झाला, ज्याच्या ताब्यात जागा आहे, त्याने कोर्टात येऊन 'मिटले' असे सांगितले की मिटतात. आणि अशा तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटका असा धरला जातो. चुलता तर मिटवायला तयारच होता. एक अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या, कोर्टासमोर दोघांची हजेरी, बस्स. एकाच सकाळी त्याच कोर्टातून तो पोरगा दोषी म्हणून बाहेर पडायचा की निर्दोष म्हणून, हे एका अर्जावर होते. तो अर्ज करायचा असतो हे सांगणारे माणूस शेजारी नव्हते.

तंटामुक्त समितीत मिटले, पोलीस पाटलासमोर मिटले, भावकीत मिटले, ही चांगलीच गोष्ट आहे. ती मी कमी लेखीत नाही. पण एकदा गुन्हा दाखल झाला की तो आपोआप मिटत नाही. ते गावचे मिटणे कोर्टाच्या कागदावर यावे लागते.

आता 'कबूल' या शब्दाविषयी. आपण समजतो की कबूल म्हणणे म्हणजे मोठेपणा दाखवून विषय संपवणे. कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. शिक्षा किती झाली, ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच वर जाता येते. 'मी गुन्हा केलाच नव्हता' हे नंतर सांगता येत नाही. आणि ज्याने खरोखरच चूक केली आहे त्याच्यासाठीही दंडाखेरीज वाट आहे. १९५८ सालचा परिवीक्षा कायदा आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि तो दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकते. किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. अशा रीतीने सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, असे त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात आहे. पण हे मागावे लागते. एकट्याने उभा राहिलेला आपला माणूस हे कसे मागणार? त्याला ते नावच ठाऊक नसते.

भरतीच्या फॉर्मबद्दलही येथेच सांगून टाकतो, कारण घरोघर पोरे भरतीची तयारी करीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात असे सांगितले की, उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. मात्र गुन्हा किरकोळ असेल तर नेमणूक करणाऱ्याला ती चूक माफ करण्याचा विचार करता येईल. करता येईल, करावीच लागेल असे नव्हे. तेव्हा आपल्या पोरांना सांगा, फॉर्म भरण्याआधी आपल्या नावावर काय आहे त्याचे कागद काढा, वकिलाला दाखवा आणि खरे तेच लिहा.

नोकरीचे सोडा. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे पॅनेल उभे राहते तेव्हा काय होते? ग्रामपंचायत कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे, दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस, शासनाने मुदत कमी केली नाही तर, पाच वर्षे सदस्य होऊ शकत नाही. तिथे तुरुंगवास झाला पाहिजे अशी अट नाही. जत्रेत पिऊन सापडला, 'कबूल' म्हणाला, दंड भरला, विसरला. छाननीच्या दिवशी विरोधी पॅनेलवाला तो कागद काढतो, तेव्हा आठवण येते. इतर गुन्ह्यांत सहा महिने किंवा अधिक कैद झाली असेल तर अशीच अपात्रता आहे. (पत्त्यांच्या डावावर तर मी जास्त लिहीतच नाही. खेळू नये, हे उत्तम.)

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडे गुन्हा दाखल झाला की पहिला फोन वकिलाला जात नाही, तो जातो पुढाऱ्याला. सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, आपले संचालक. संचालक मंडळी रागावणार नाहीत, कारण रात्री अकराला असे फोन घेऊन त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. पुढाऱ्याचा शब्द ठाण्याच्या दारापर्यंत चालतो, कधी चालतही नाही. पण कागद एकदा कोर्टात गेला की तिथे फोन लागत नाही. तिथे फक्त अर्ज चालतो, पुरावा चालतो, उलटतपासणी चालते. ऊस काट्यावर जातो तेव्हा आपण घरचे माणूस काट्याशी उभे करतो की नाही? वजन बरोबर लागते ना, हे बघायला. आणि पोराच्या आयुष्याचे वजन होते त्या दिवशी मात्र काट्याशी आपले कोणी नसते.

किरकोळ गुन्ह्यात वकील नसण्याने काय होते, याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सुक दास हे अरुणाचल प्रदेशातले, तेव्हा तो केंद्रशासित होता. आरोप काय, तर बदलीचा हुकूम रद्द करावा म्हणून सहायक अभियंत्याला काही जणांनी मिळून धमकी दिली. कलम ५०६. आपल्याकडे बांधावरच्या दर दुसऱ्या फिर्यादीत असते तेच. वकील देण्याची ऐपत नव्हती, सरकारी खर्चाने वकील मिळतो हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. खटला वकिलाशिवाय चालला, साक्षीदारांची उलटतपासणी नीट झालीच नाही, दोन वर्षांची कैद झाली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, गरीब आरोपीने वकील मागितला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. खेड्यातल्या माणसाला आपला हक्कच माहीत नसतो, तेव्हा तो सांगणे हे न्यायाधीशाचे काम आहे. शिक्षा रद्द झाली हे खरे, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. आपल्यापैकी किती जण जातील?

आता आपल्या रानात, रस्त्यावर, गोठ्यात नेहमी काय घडते आणि त्यात कुठे सांभाळायचे, ते थोडे पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेआधीच्या प्रसंगांना जुनीच कलमे लागतात, नंतरच्यांना नवी. म्हणून '३२३ आहे, काही होत नाही' हे पारावरचे ज्ञान आता जपून वापरावे. ३२३ चे झाले ११५(२). कैद तशीच एक वर्षापर्यंत, पण दंडाची मर्यादा एक हजारावरून दहा हजारांवर गेली. ५०४ चे झाले ३५२, शेतात शिरण्याच्या ४४७ चे ३२९(३).

आणि सगळ्यात जपायचे ते ११८(१) ला. धारदार किंवा जीवघेण्या हत्याराने दुखापत. आपण रानात असतो तेव्हा हातात काय असते? खुरपे, विळा, कोयता. भांडायला म्हणून कोणी ते आणलेले नसते, काम करता करता हातात असते. पण त्याचा नुसता ओरखडा लागला तरी हाताने मारलेल्या चापटीची अदखलपात्र केस तिथे दखलपात्र होते आणि अजामीनपात्रही होते. कैद तीन वर्षांपर्यंत. जखम कोणत्या हत्याराने झाली, डॉक्टरच्या दाखल्यात काय लिहिले आहे, पंचनाम्यात कोयता कुठे सापडला, हे सगळे वाचणारा जाणता माणूस पहिल्या दिवसापासून लागतो. सहा महिन्यांनी नव्हे.

नुसती एन. सी. असेल, म्हणजे अदखलपात्र, तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे आपली माणसे एन. सी. झाली की आठ दिवस घर सोडून पाव्हण्याकडे जाऊन राहतात. उगाच. उलट, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात बजावले आहे. पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. ती नोटीस आली की पळायचे नाही, वकिलाला घेऊन हजर व्हायचे. न जाण्याने अटकेला कारण मिळते. अटक झालीच तर आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे हा घटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हीसुद्धा मेहरबानी नव्हे, हक्क आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तसे कायद्यातच लिहिले आहे. पोलिसांजवळ दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. पण कोर्टात दिलेली ठरते! आपण मात्र ठाण्यात घाबरून बोलत नाही आणि कोर्टात धीट होऊन 'कबूल' म्हणतो.

विजेच्या आकड्याचेही लिहिले पाहिजे, कारण उन्हाळ्यात ऊस वाळताना पाहवत नाही आणि माणूस तारेवर आकडा टाकतो. ते समर्थन करण्यासारखे नाही, जीव जातात त्यात. पण गुन्हा दाखल झाल्यावर काय? २००३ च्या विद्युत कायद्याच्या १३५ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या १५२ कलमात तडजोडीची सोय आहे. शेतीच्या जोडणीसाठी मूळ तक्त्यात दर अश्वशक्तीला दोन हजार रुपये असा दर दिलेला आहे, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दहा हजार. राज्य शासन तो दर बदलू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावे. ते पैसे स्वीकारले गेले की निर्दोष सुटल्यासारखे धरले जाते. मात्र ही सवलत एका माणसाला आयुष्यात एकदाच! आता बघा, मोटार भावाने चालवली, जोडणी आपल्या नावावर. तडजोड कोणाच्या नावाने झाली आणि कोणाची एकुलती एक संधी वापरली गेली, हे भरण्याच्या पावतीवर सही करण्याआधी विचारायचे. आकारणी केलेले बिल हे आणखी वेगळे. ते भरले म्हणजे फौजदारी संपली असे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

चेकचे प्रकरण या पानावर लिहिताना थोडे अवघड वाटते, कारण तोडणी-वाहतुकीच्या करारात साखर कारखानेही उचलीपोटी चेक घेतात आणि वसुलीसाठी कोर्टात जातात. तरी लिहितो. खताच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या कर्जाला, मुकादमाच्या उचलीला आपण कोरे चेक सही करून देतो. १३८ कलमाखाली तो न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या दुप्पट दंड होऊ शकतो. 'रक्कम मी लिहिलीच नव्हती' एवढे म्हणून भागत नाही. आपखुशीने सही करून दिलेला कोरा चेकसुद्धा देणे दाखवतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. देणे फिटले होते किंवा रक्कम खोटी भरली, हे आपल्याला दाखवावे लागते. चेक परत आल्यापासून तीस दिवसांत समोरच्याची नोटीस येते आणि ती मिळाल्यावर पैसे देण्यास पंधरा दिवस मिळतात. हे पंधरा दिवस सोन्याचे. रजिस्टर पाकीट परत पाठवून काही साधत नाही. ते उघडून त्याच दिवशी वकिलाकडे न्यावे. पैसे भरल्याच्या पावत्या, खातेउतारा, दुकानदाराची वही, जे असेल ते सोबत.

ट्रॅक्टरविषयी एकच सांगतो. गाळप हंगामात सोळा-सतरा वर्षांची पोरे ट्रॉल्या ओढताना दिसतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. त्यात वकीलसुद्धा फार काही करू शकणार नाही. पोराला खाली उतरवा.

आता वकिलांविषयी. सगळे वकील धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणणार नाही. तारखेवर तारीख घेणारे आहेत, फीची पावती न देणारे आहेत, पक्षकाराचा फोन न उचलणारे आहेत. पण वाईट बियाणे एकदा निघाले म्हणून आपण पेरणी सोडत नाही, दुकान बदलतो. फौजदारी काम करणारा वकील बघावा. जमिनीच्या दाव्यात हुशार असलेला प्रत्येक जण फौजदारीत असेलच असे नाही. फी किती, कशाची, किती टप्प्यांत, हे आधी बोलून घ्यावे. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी, आणि घरी एक फाईल ठेवावी.

नेमकी ऊसतोड येते आणि त्याच दिवशी तारीख असते, हे आपले कायमचे दुखणे. टोळी फडात उतरली की मालक कोर्टात जाणार नाही, हे नक्की. मग तारीख चुकते, जामीनपात्र वॉरंट निघते, पुढे अजामीनपात्र निघते आणि शिपाई दारात. हजेरी माफीचा अर्ज वकिलामार्फत देता येतो, कोर्ट योग्य कारण असेल तर तो मान्य करते. वकील नसलेल्याचा अर्ज कोण देणार?

"पैसे नाहीत" ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी १९८७ चा विधी सेवा कायदा आहे, १९९५ पासून तो लागू आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती बसते, जिल्ह्याला प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना, कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पूर, दुष्काळ यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांनाही सोय आहे, आणि ठरावीक मर्यादेच्या आतील उत्पन्न असलेल्या कोणालाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. आपल्या फडात येणाऱ्या ऊसतोड भगिनींनाही हे सांगा. परमुलखात त्यांच्यावर काही प्रसंग आला तर त्यांच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसते. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असणार, असे आपण धरून चालतो. काही असतीलही. पण 'कबूल' म्हणायला एकटे पोर पाठवण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

लोकअदालतीत मिटवणे चांगले. खर्च वाचतो, तारखा वाचतात. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तिथेही सही करण्याआधी कागद वाचून दाखवणारे माणूस हवे. आपण तडजोड करतो आहोत की गुन्हा कबूल करतो आहोत, हे त्याला विचारा. कागद दिसायला सारखेच असतात.

संचालक मंडळाकडे माझी एक मागणी आहे. आपल्या गट ऑफिसात माती परीक्षणाचे शिबिर होते, ठिबकचे होते, जनावरांचे लसीकरण होते. तालुका विधी सेवा समितीला पत्र दिले तर गावोगाव कायदेविषयक शिबिरे घेणे हे तिचे कामच आहे. प्रत्येक गट ऑफिसात महिन्यातून एक दिवस, हंगामात सुद्धा, वकील बसावा. समन्स, नोटीस, चेकचे पाकीट, विजेचा कागद, जे काही आले असेल ते घेऊन सभासदाने तिथे यावे. कारखान्याला यात खुर्ची-टेबल आणि चहापलीकडे खर्च नाही. सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव लेखी देणार आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून त्या पोराच्या वडिलांनी सही करायचे कबूल केले आहे.